'दुनिया माया' आणि तीन प्रकारचे 'मी'

इंडोनेशियन शिकायला घेतली तेव्हा पहिले दोन महिने नुसती मजा होती. भाषेला 'बहासा', नावाला 'नामा', पासवर्डला 'काता सांदी', म्हणजे मुळात आपलेच कथा आणि संधी. आभासी जग तर चक्क 'दुनिया माया'! समाजमाध्यमं आणि कादंबरी या विषयावर पहिला निबंध लिहिला, त्यात सात पानं मायावाद ठासून भरला. बाईंनी परत देताना समासात लिहिलं होतं, ''जकार्तातल्या पोरांना 'माया' म्हणताना यातलं काही ऐकू येत नाही.''

तेव्हा इंडोनेशियन साहित्याकडे नव्यानं येणाऱ्यांनो, ओळखीच्या शब्दांवर भाळू नका. 'सास्त्रा' म्हणजे शास्त्र नव्हे, साहित्य.

लक्ष ठेवायचं ते सर्वनामांवर. आपली तू-तुम्हीची कसरत समोरच्यापुरती. तिथे 'मी'सुद्धा निवडावा लागतो. औपचारिक 'साया', जवळिकीचा 'आकू', जकार्ताच्या बोलीतला 'गुए'. 'साया बलुम माकान' आणि 'गुए बलुम माकान', दोन्हींचा अर्थ 'मी अजून जेवलो नाही', पण बोलणारा माणूस वेगळा. कादंबरीतलं पात्र चॅटवर 'गुए' आणि साहेबांपुढे 'साया' झालं, की ते स्वतःला कोण समजतं हा सगळा मामला तिथेच उघडा पडतो. मी समासात तीन रंगांच्या पेन्सिलींनी खुणा करते. वेळखाऊ आहे, पण यासारखं दुसरं काही नाही.

कादंबरीत नेट कसं येतं ते बघायचं, तर वाचायला लेखिका आयू उतामींच्या 'सामान' या कादंबरीपासून (1998) लागा. शेवटाकडे दोन पात्रांची एकमेकांना ईमेलं येतात. तिथे नेट म्हणजे अजून खासगी टपाल आहे. डी लेस्तारींच्या 'सुपरनोव्हा'त (2001) नेटवर टोपणनावानं सल्ले देणारं कुणीतरी आहे (कोण, ते सांगत नाही; विज्ञानाच्या तळटीपा पहिल्या वाचनात खुशाल गाळा). ओक्की मदासारींच्या 'करुमुनान तराखिर'मध्ये, म्हणजे 'शेवटचा जमाव'मध्ये (2016), तरुण नायक नेटवर नवंच आयुष्य मांडतो. मधल्या काळात, 2008 मध्ये, इंडोनेशियात ऑनलाइन बदनामीला शिक्षा देणारा कायदा आला. टोपणनावाकडे नुसती हौस म्हणून बघू नका, ते त्यामुळेही.

सध्या एका कथेचा अनुवाद करतेय. 'गुए'साठी 'आपुन' लावून पाहिलं. मुंबईच्या मैत्रिणीला पटलं. सोलापूरच्या भावानं विचारलं, ''हा टपोरी कोण?'' पात्र बँकेत कामाला आहे. पान तसंच पडलंय.