पोटगीच्या अर्जाआधी एक वही ठेवा

फोंड्याला एका वकिलाच्या कचेरीत मी बावीस वर्षं टायपिंग करतेय. घटस्फोटासाठी येणाऱ्या बायकांचा पहिला प्रश्न ठरलेला: "ताई, अर्धा पगार मिळतो ना?"

नाही मिळत. अर्धं आहे ते वेगळं. गोव्यात लग्नाआधी वेगळा करार केला नसेल, तर १८६७च्या पोर्तुगीज नागरी कायद्याने नवरा-बायको एकमेकांच्या मालमत्तेत अर्धे वाटेकरी होतात. तो वाटा इन्व्हेंटरीत, म्हणजे कोर्टातल्या मालमत्ता-वाटणीच्या दाव्यात निघतो. पोटगी ही दर महिन्याच्या चुलीची. कुळागरात, म्हणजे नारळ-सुपारीच्या बागेत, अर्धा हक्क आहे म्हणून पोटगी सोडू नका. नारळ पाडायला पाडेली मिळेपर्यंत पोरांनी काय खायचं?

पोटगीचा अर्ज पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ खाली व्हायचा, जुलै २०२४पासून नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ खाली होतो. धर्म कुठलाही असो. २००५च्या घरगुती हिंसाचार कायद्यातही खर्च मागता येतो, पण एकीकडे काही मिळत असेल तर दुसरीकडे ते सांगावंच लागतं.

रक्कम ठरवायचं पक्कं गणित नाही. २०१७च्या एका निकालात सुप्रीम कोर्टाने हातात येणाऱ्या पगाराच्या २५ टक्के रक्कम योग्य धरली होती. तो आकडा सगळे तोंडपाठ म्हणतात, पण तो नियम नव्हे. न्यायाधीश बघतात: त्याची खरी कमाई, त्याच्यावर अवलंबून कोण, तुमची कमाई, पोरांचा खर्च, आणि लग्नात तुम्ही कसं राहत होता. २०२०पासून दोघांनाही उत्पन्न आणि मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. खरी लढाई तिथेच.

म्हणून वही. वीजबिल, शाळेची फी, औषधं यांच्या पावत्या असतात. मासळीवालीची पावती कुठून आणणार? एक बाई वर्षभराची शंभरपानी वही घेऊन आली होती. "बांगडे १५०, पाव २०, रिक्षा ६०", रोज तारखेसह. नवऱ्याने प्रतिज्ञापत्रात पगार अठरा हजार लिहिला होता आणि त्याच्याच बँकेच्या उताऱ्यात गाडीचा हप्ता चौदा हजारांचा. उरलेल्या चार हजारांत हा माणूस जगतो कसा, एवढंच आमच्या वकिलांनी विचारलं. इथे कमाई लपवायच्या जागा ठरलेल्या: सीझनला भाड्याने दिलेल्या खोल्या, भावाच्या नावावरचा ट्रक. जाहिरातीचे स्क्रीनशॉट, गाडीचा नंबर, मिळेल ते जमवा.

पण आपलंही लपवू नका. एका बाईच्या कागदात मी "उत्पन्न नाही" असं टाइप केलं. ती शिकवण्या घेते हे मला माहीत होतं, तरी मी गप्प बसले. समोरच्या वकिलाने तिच्या खात्यात दर महिन्याला आलेले गूगल पेचे पैसे दाखवले. त्यानंतर तिच्या खऱ्या खर्चावरही कोणाचा विश्वास बसेना. थोडं कमावता म्हणून हक्क आपोआप जात नाही. खोटं लिहिलंत तर सगळंच संशयात जातं.

घर का सोडलं, ते तारखांसह लिहा. कारण नसताना नांदायला नकार दिला असं ठरलं तर पोटगी नाकारता येते. "जमत नव्हतं" हे कारण नव्हे. डॉक्टरांचा कागद, पोलिसांतली तक्रार, बहिणीला पाठवलेला मेसेज, हे कारण.

आणि उशीर नको. रक्कम साधारण अर्जाच्या तारखेपासून मिळते, घर सोडल्याच्या नव्हे. अंतरिम, म्हणजे निकाल लागेपर्यंतच्या तात्पुरत्या पोटगीचा अर्ज नवऱ्याला नोटीस बजावल्यापासून शक्यतो ६० दिवसांत निकाली काढावा असं कायदा म्हणतो. कोर्टाच्या बाकावर बसलात की "शक्यतो"चा अर्थ कळेल.

हुकूम झाल्यावर पैसे थकले, तर वर्षाच्या आत वसुलीचा अर्ज द्या. त्याहून जुनी थकबाकी या वाटेने निघत नाही. न भरणाऱ्याला तुरुंगातही जावं लागतं.

वही टाकू नका. पोरगी अकरावीला गेली की वाढीव रकमेच्या अर्जाला तीच लागते.