डोलकाठी आडवी आहे तोवर

मुंबई बंदरात शिडांचा हंगाम पाऊस गेल्यावर सुरू होतो, तेव्हा होडी यार्डात आणि डोलकाठी लाकडी घोड्यांवर (टेकूंवर) आडवी आहे तोवरच काठी, तारा आणि दोर यांची तपासणी उरकून घ्या. उभी केल्यावर वर टांगून बघताना निम्मं लक्ष स्वतःच्या जिवाकडे असतं.

आधी काठी गोड्या पाण्याने आतून धुवा. वरून सोडलेलं पाणी खालच्या भोकातून आलं नाही, तर आत कुंभारमाशीने मातीचं घर बांधलंय असं समजा. आमच्या काठीत ती दर पावसाळ्यात बांधते. तार घालून ते काढा. मग काठीच्या ॲल्युमिनियमवर जिथे जिथे स्टेनलेसचा स्क्रू किंवा पट्टी आहे तिथे बघा. रंगाला फोड आणि खाली पांढरी भुकटी दिसली, तर स्क्रू काढून खड्डा किती खोल गेलाय ते पाहायचं आणि परत बसवताना मध्ये लॅनोलिन ग्रीस लावायचं.

सगळ्यात जास्त वेळ काठीला उभं धरून ठेवणाऱ्या तारांना द्या. तारेवरून उघडा हात फिरवू नका, जुनी सुती बनियन फिरवा. तुटलेला धागा कापडाला लगेच अडकतो, बोटात घुसत नाही. एक धागा जरी तुटला असला तरी ती तार बदला, आणि सोबत दुसऱ्या बाजूची जोडीदारही. तार जिथे नळीत दाबून बसवलेली असते, त्यातलं खालचं टोक जास्त लबाड. खारं पाणी ओघळून तिथेच मुरतं. टूथब्रशने घासा, भिंग लावा. पुसलेला तपकिरी डाग दोन दिवसांनी त्याच रेषेत परत आला, तर ती केसाएवढी चीर आहे. तारा दहा वर्षांनी बदलाव्यात असं सहसा सांगतात. इथल्या खाऱ्या दमट हवेत मी आठव्या वर्षीच बदलतो.

2018 च्या गोल्डन ग्लोब या एकट्याने करायच्या जगप्रदक्षिणेच्या शर्यतीत दर्यावर्दी अभिलाष टॉमींच्या, गोव्यात बांधलेल्या 'तुरीया' होडीची डोलकाठी दक्षिण हिंदी महासागरातल्या वादळात मोडली. आपली काठी पडायला तेवढं वादळ लागत नाही, एक पिन पुरते. एका वर्षी मी टर्नबकलची, म्हणजे तार ताणायच्या आट्यांच्या स्क्रूची, कॉटर पिन (तो फिरून सुटू नये म्हणून घालायची दोन पायांची पिन) घातली, पण तिचे पाय फाकवायला विसरलो. तिसऱ्या फेरीत पिन डेकवर पडलेली मिळाली, आणि टर्नबकलचे जेमतेम चार आटे उरले होते. म्हणून पिन मोजूनच लावा, पाय फाकवा, वरून एक वेढा टेप. गच्च गुंडाळू नका, आत पाणी कोंडतं.

दोर सोपे. कप्पीवर घासून केस निघाले असतील तर टोकं उलटी करून वापरा.

काठी उभी केल्यावर शिडाच्या खाचेतून खालून वर नजर टाका, ती सरळ दिसली पाहिजे. वर जावंच लागलं तर दोन वेगळ्या दोरांवर जा, बोलाइनची गाठ मारून. शॅकलवर, म्हणजे दोराच्या टोकाच्या धातूच्या कडीवर, भरवसा नको. पान्हा मनगटाला बांधा आणि खाली कुणाला उभं राहू देऊ नका.