पगार २१ हजारांपुढे गेला की ईएसआयसीचं काय?

पगारवाढीने महिना २१ हजारांपुढे जात असेल, तर आयकराची चिंता सोडा. एवढ्या पगारावर नव्या करप्रणालीत कर लागतच नाही. खरा प्रश्न बायको-मुलांच्या ईएसआयसी (कर्मचारी राज्य विमा) उपचारांचा, कारण या योजनेची पगारमर्यादा महिना २१ हजार आहे. वाढ कोणत्या तारखेपासून लागू होते ते पत्रात बघा. एक एप्रिल किंवा एक ऑक्टोबरपासून असेल, तर तुम्ही तेव्हाच योजनेबाहेर. पण मे महिन्यात, म्हणजे वर्गणीच्या सहामाहीच्या मध्येच मिळाली, तर ३० सप्टेंबरपर्यंत वर्गणी कापली जाते, तीही वाढीव पगारावर ०.७५ टक्के, आणि संरक्षण चालू राहतं. ओव्हरटाइम या मर्यादेत धरत नाहीत. एचआरशी वाढीची बोलणी करतानाच कुटुंबासाठी ग्रुप मेडिक्लेम (कंपनीमार्फत मिळणारा आरोग्य विमा) मागून घ्या. नंतर कोणी विचारत नाही.