बाळाच्या बोलण्याची पाळी कशी राखावी

मुलाला शब्द फुटले की आई-मुलाच्या गप्पा सुरू होतात, असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात दोन-तीन महिन्यांचे तान्हे मूलही आई बोलायची थांबली की हुंकार देते आणि ती पुन्हा बोलू लागली की बरेचदा गप्प होऊन तिच्या तोंडाकडे पाहते. मुलांच्या भाषेच्या अभ्यासक कॅथरीन स्नो यांनी १९७७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातल्या आया तीन महिन्यांच्या बाळाची ढेकर किंवा जांभईसुद्धा उत्तर म्हणून स्वीकारत होत्या, सातव्या महिन्यात मात्र त्याच आयांना उत्तरादाखल अधिक स्पष्ट आवाज हवा होता.

म्हणून तेल लावताना किंवा अंघोळ घालताना बाळाला काही विचारले, की लगेच पुढचे वाक्य बोलू नये. मोठी माणसे एकमेकांना जवळजवळ पापणी लवायच्या आत उत्तर देतात, मुलाला मात्र शब्द जुळवायला वेळ लागतो. तेव्हा मनातल्या मनात पाचापर्यंत मोजावे आणि तोवर त्याच्याकडे पाहत राहावे. ही शांतता आपल्यालाच जड जाते, मुलाला नाही.

वर्षाच्या आसपास मूल बोटाने दाखवू लागते, तेव्हा विषय त्याला निवडू द्यावा. ते खिडकीकडे बोट करून ‘काऊ’ म्हणाले, तर हातातले चित्रांचे पुस्तक बाजूला ठेवून ‘हो, काऊ आला! काय खातोय तो?’ असे विचारावे. ‘हा रंग कोणता?’ यासारख्या प्रश्नांची सरबत्ती केली, की गप्पांची तोंडी परीक्षा होते.

दोन-अडीच वर्षांचा मुलगा आईचे ऐकून ‘मी पडले’ म्हणतो. त्यावर हसू नये आणि ‘पडलो म्हण’ असा धडाही देऊ नये. त्याने ‘मी पडले’ म्हटले, की आपण म्हणावे, ‘अरे, पडलास? बाबासुद्धा म्हणाला, मी पडलो. कुठे लागलं तुला?’ एवढ्याने योग्य रूप कानावर पडते आणि बोलणेही तुटत नाही.

खरी कसोटी घरात तिसरे माणूस असताना लागते. आई आजीशी बोलत असली, की मूल तिची हनुवटी धरून तोंड आपल्याकडे वळवते. अशा वेळी त्याचा हात हातात घेऊन ‘आजीचं होऊ दे, मग तू सांग’ म्हणावे आणि आजीचे झाल्यावर आठवणीने त्याला विचारावे, कारण नुसते आश्वासन मुलाच्या लगेच लक्षात येते. संध्याकाळी बाबांना दिवसाची हकिगत तीन वर्षांच्या मुलालाच सांगू द्यावी. ते अडखळले तर ‘मग मांजर कुठे गेलं?’ एवढा धागा पुरवावा, गोष्ट आपण पुरी करू नये.

वर्षाचे होऊनही मूल हाकेला वळून पाहत नसेल, किंवा दीड वर्षापर्यंत एकही शब्द बोलत नसेल, तर ‘आमच्याकडे सगळेच उशिरा बोलले’ या समजुतीवर न विसंबता बालरोगतज्ज्ञांना दाखवावे आणि श्रवणचाचणी करून घ्यावी.