पीएचडी एन्ट्रन्ससाठी इंग्रजी ऐकायची-वाचायची प्रॅक्टिस गावात राहून कशी करायची

आमच्या तालुक्याच्या अभ्यासिकेत दरवर्षी दोन-चार पोट्टे पीएचडीची तयारी करून राहिलेले असतात, दहावीपर्यंत मराठी मीडियम, आपल्या विषयात एकदम पक्के, पण इंग्रजी उतारा समोर आला की अडतात आणि मग सगळ्यात पहिले हजार शब्दांची लिस्ट पाठ करायला घेतात. मीही तेच केलं होतं, क्लासमधून झेरॉक्स भेटली होती, सहा महिने ती घोकली आणि मार्क जिथल्या तिथे. नंतर चुकलेले प्रश्न एकेक करून काढून पाहिले तेव्हा समजलं की मोठे शब्द मला येतच होते, उत्तर चुकलं होतं ते नॉट, अनलेस, हार्डली, मे, सम, ओन्ली अशा लहान शब्दांमुळे. म्हणून खाली जे सांगतो ते सगळं ह्या लहान शब्दांभोवतीच आहे.

पहिले तुमची परीक्षा कोणती ते पक्कं करा. नेटमध्ये (यूजीसी म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाची राष्ट्रीय पात्रता परीक्षा) किंवा आपल्याकडच्या विद्यापीठाच्या पेटमध्ये (विद्यापीठाची स्वतःची पीएचडी एन्ट्रन्स) ऐकायचा भाग नसतो. नेटच्या पेपर एकमध्ये एक उतारा आणि त्यावर ५ प्रश्न येतात, निगेटिव्ह मार्किंग नाही, आणि २०२४ पासून यूजीसीने नेटचा स्कोअर पीएचडी ॲडमिशनलाही लागू केला आहे, त्यामुळे ते ५ प्रश्न सोडून देण्यासारखे नाहीत. बाहेरदेशी पीएचडीला जायचं असेल तर बहुतेक ठिकाणी आयईएल्ट्ससारखी इंग्रजी किती येतं ते तपासणारी परीक्षा लागते. त्यात ऐकण्याचे ४ भाग, ४० प्रश्न, साधारण ३० मिनिटं, ऑडिओ एकदाच वाजतो. वाचनाला ६० मिनिटं, ३ उतारे, पुन्हा ४० प्रश्न.

आता ऐकणं. आपल्याला इंग्रजी ऐकताना जड काहून जातं? मराठीत आपण प्रत्येक अक्षर साफ बोलतो आणि ‘नाही’ वाक्याच्या शेवटी येतं, "तो काल मीटिंगला आला नाही", म्हणजे कानाला शेवटपर्यंत थांबायची सवय. इंग्रजीत नकार मधेच येतो, तोही डिडन्ट असा अर्धवट, आणि बोलणारा जोर देतो मीटिंगवर. आपल्याला मीटिंग ऐकू येते, नकार निसटतो. कॅनचं तर आणखी अवघड, "आय कॅन गो" बोलताना तो कॅन नुसता ‘क्न’ होऊन जातो, आणि अमेरिकन माणूस कॅन्टमधला शेवटचा ट नीट उच्चारत नाही, म्हणून तिथे कॅन जोरात आणि स्पष्ट ऐकू आला तर बहुतेक वेळा तो कॅन्ट असतो, हे लक्षात ठेवा.

रोजची प्रॅक्टिस अशी करा. पाच-सहा मिनिटांचा एकच तुकडा घ्या, तासभराचं लेक्चर नको. सुरुवात आपल्या उच्चारापासून करा, आकाशवाणीच्या इंग्रजी बातम्या नाहीतर एनपीटीईएलवरचं (आयआयटीवाल्यांची फुकट ऑनलाइन लेक्चर्स) आपल्या विषयाचं लेक्चर, मग पंधरा-वीस दिवसांनी बीबीसी लर्निंग इंग्लिशचा सहा मिनिटांचा कार्यक्रम, त्याच्यासोबत लिहिलेला मजकूर फुकट भेटतो. जिथे वायफाय किंवा चांगली रेंज असेल तिथे आठवड्याचे तुकडे डाउनलोड करून ठेवा, कारण घरी लाइट आणि इंटरनेट दोन्हीचा भरवसा नसतो आणि तेवढ्यावरून रूटीन तुटतं. सकाळी वावरात जायच्या आधी शांत असतं तेव्हा एकदा मजकूर न बघता ऐका, काय समजलं ते मराठीत दोन ओळींत लिहा. दुसऱ्यांदा थांबवत थांबवत ऐका आणि एका मिनिटाचा भाग शब्द न् शब्द वहीत उतरवा, हेच खरं काम आहे, कंटाळा येतो पण सोडू नका. तिसऱ्यांदा मजकूर समोर ठेवून जे निसटलं त्याला लाल पेनने गोल करा. पंधरा दिवसांनी वही चाळली की दिसेल, गोल बहुतेक लहान शब्दांभोवतीच आहेत. संध्याकाळी तोच तुकडा बोलणाऱ्याच्या मागोमाग त्याच चालीत बोलत ऐका, लाजू नका, जे तोंडातून नीट निघतं ते कानालाही लवकर सापडतं.

महिन्याभराने परीक्षेसारखं करा. एकदाच लावायचं, मागे न्यायचं नाही. प्रश्न आधी वाचून उत्तर आकडा आहे, नाव आहे की जागा आहे एवढं ठरवून ठेवा. थर्टीनमध्ये जोर शेवटी, थर्टीमध्ये सुरुवातीला. बोलणारा पहिले ट्यूजडे म्हणतो आणि मग "नो, सॉरी, थर्सडे" म्हणतो, हे मुद्दाम ठेवलेलं असतं, पहिलं ऐकून लिहिलं की गेलं. आयईएल्ट्समध्ये स्पेलिंग चुकलं तर मार्क जातो, दोन शब्दांत लिहा म्हटलं तर तीन चालत नाहीत.

वाचनाला सुरुवात ओळखीच्या विषयापासून करा. शोधगंगा ह्या वेबसाइटवर भारतातल्या विद्यापीठांचे थिसिस फुकट आहेत, आपल्या विषयाचा रोज एक गोषवारा वाचा. प्रत्येक पॅरा झाला की बाजूला दोन मराठी शब्द, ‘कारण’, ‘उलट मत’, ‘उदाहरण’, म्हणजे प्रश्न आल्यावर कुठे परत जायचं ते माहीत असतं, आख्खा उतारा पुन्हा वाचावा लागत नाही. पण ओळखीच्या विषयात एक धोका आहे. आयईएल्ट्समध्ये दिलेलं वाक्य उताऱ्यावरून ट्रू, फॉल्स की नॉट गिव्हन ते ठरवायचा प्रश्न येतो. समजा उताऱ्यात लिहिलंय की बोंडअळीमुळे काही गावांत कापसाचं पीक घटलं असावं. आपण कापसाच्या पट्ट्यातले, २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीने काय केलं ते आपण डोळ्यांनी पाहिलंय, म्हणून प्रश्नात "सगळ्या गावांत पीक घटलं" आलं की हात लगेच ‘ट्रू’कडे जातो. लिहिणाऱ्याने ‘काही’ आणि ‘असावं’ म्हटलंय, म्हणजे सम आणि मे, त्यामुळे सगळ्या गावांचं त्याने सांगितलंच नाही, उत्तर नॉट गिव्हन. उताऱ्याच्या उलट असेल तर फॉल्स, उताऱ्यात सापडतच नसेल तर नॉट गिव्हन, हा फरक हाताला बसेपर्यंत प्रत्येक उत्तरासमोर ज्या ओळीवरून ते काढलं त्या ओळीचा नंबर लिहा. ओळ सापडत नसेल तर ते उत्तर डोक्यातून आलंय, उताऱ्यातून नाही.

हे जमलं की अनोळखी विषय घ्या, समुद्रातले जीव, जुन्या इमारती, काहीही. अडलेल्या शब्दासाठी लगेच मोबाइल उघडू नका, उतारा संपवा, प्रश्न सोडवा, मगच अर्थ पाहा, निम्मे शब्द न बघताही काम झालेलं असतं. घड्याळ लावून सोडवायचं ते शेवटच्या महिन्यात. नेटमध्ये ३ तासांत १५० प्रश्न म्हणजे ५ प्रश्नांच्या उताऱ्याला सरासरी ६ मिनिटं, आयईएल्ट्सला एका उताऱ्याला २०.

आणि कॉम्प्युटरवर पेपर असेल तर शेवटचे आठ दिवस तरी कुणाचा लॅपटॉप मागून नाहीतर सेतू केंद्रात बसून स्क्रीनवर वाचा, कानावर मोठा हेडफोन लावून ऐका, मोबाइलवर वाचायची सवय तिथे कामी येत नाही. सेंटर नागपूरला आलं तर सकाळच्या एसटीच्या भरवशावर राहू नका, आदल्या संध्याकाळीच पोचा.