येझदीचा ब्लॉक खोलण्याआधी

गणपतीला चाकरमानी गावी येतात आणि पडवीत गोणपाटाखाली झाकलेली काकांची जुनी येझदी मोटारसायकल कुणाला तरी आठवते. चौघे मिळून किक मारून बघतात, तर किक दगडासारखी घट्ट. असं झालं असेल तर आधी किकवरून पाय काढा. कोकणात गाडी झिजून कमी आणि गंजून जास्त मरते. दमट खारी हवा आत शिरते आणि पिस्टन जिथे थांबला असेल तिथे त्याच्यावरच्या रिंगा ब्लॉकला, म्हणजे तो ज्यात वर-खाली होतो त्या सिलिंडरला, धरतात. अशात जोर लावला तर रिंगेचं टोक पोर्टच्या (ब्लॉकमधल्या खिडकीच्या) कडेला अडकून तुटतं आणि जो ब्लॉक नुसत्या होनिंगवर (आतून हलक्या घासणीवर) निभावला असता त्यावर उभा ओरखडा पडतो. त्यापेक्षा प्लग काढा, डिझेल आणि ऑइल निम्मंनिम्मं मिसळून आत ओता आणि आठवडाभर वाट बघा. पिस्टन खाली थांबलेला असेल तर सगळं सायलेन्सरमधून गळेल, तेव्हा खाली डबा ठेवा. रोज टॉप गिअर टाकून मागचं चाक हाताने हलकेच मागेपुढे करायचं. कार्बोरेटरच्या तोंडातही बोट घालून बघा. कुंभारणीने तिथे मातीचं घर केलेलं मी दोनदा पाहिलंय. ती माती आत गेली तर नव्या पिस्टनचा पॉलिश पेपरने घासल्यासारखा भुगा होतो.

हे काम गणपतीच्या पाच दिवसांत उरकायचा हट्ट सोडा. दिवाळी ते शिमगा हा आपला काळ. भर पावसात उघड्या इंजिनची क्रँक दोन दिवसांत तांबूस होते.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट: पिस्टन आधी घ्या, बोअरिंग (ब्लॉक आतून कापून मोठा करणं) नंतर. मी उलट केलं होतं. लेथवाल्याने मोजून सांगितलं, पन्नासला निघेल, म्हणजे मूळ मापापेक्षा अर्धा मिलिमीटर मोठा करून. मी म्हटलं, काढ. मग पन्नासचा पिस्टन शोधत तीन महिने फिरलो. मिळाला तो पंचाहत्तरचा, म्हणून चांगला ब्लॉक पुन्हा कापावा लागला. येझदीचा म्हैसूरचा कारखाना 1996 मध्ये बंद झाला, त्यामुळे दुकानात जाऊन माप सांगितलं आणि पिस्टन मिळाला असं होत नाही. 2022 पासून आलेल्या नव्या येझदीचे भाग चालतील या भ्रमात राहू नका, ते इंजिनच वेगळं, पाण्याने थंड होणारं फोर-स्ट्रोक.

जुन्या अडीचशे सीसी येझदीचा मूळ बोअर (ब्लॉकचा आतला व्यास) 65 मिलिमीटर, स्ट्रोक (पिस्टनची धाव) 75. ओव्हरसाइज पाव मिलिमीटरच्या टप्प्याने चढतं; पंचवीस, पन्नास म्हणतात ते मिलिमीटरचे शंभरावे भाग. मोजणी व्हर्निअरवर करू नका, बोअर गेज असलेल्याकडेच जा. वर, मध्ये आणि खाली, प्रत्येक ठिकाणी आडवं-उभं, अशी सहा मापं कागदावर लिहून घ्या. गंजाचा खड्डा किती खोल आहे ते वेगळं विचारा, कारण आपल्याकडे साइज झिजेवर नाही, त्या खड्ड्यावर ठरते. शेवटच्या साइजलाही खड्डा जात नसेल तर स्लीव्ह. टू-स्ट्रोकची स्लीव्ह म्हणजे नुसती नळी ठोकणं नव्हे. तिच्यातल्या पोर्टच्या खिडक्या ब्लॉकच्या खिडक्यांशी जुळल्या पाहिजेत. हे काम पूर्वी केलेलं दाखवू शकेल त्यालाच द्या.

रत्नागिरीकडून आम्ही बोअरिंगसाठी बहुधा आंबा घाट चढून कोल्हापूरच्या उद्यमनगरात जातो. जाताना ब्लॉकबरोबर पिस्टन, रिंगा आणि गजन पिन (पिस्टन रॉडला जोडणारी) न्यायची. बोअर त्याच पिस्टनच्या मापाने व्हायला हवा, पाकिटावरच्या आकड्याने नव्हे. पिस्टनचं अ‍ॅल्युमिनियम तापल्यावर ब्लॉकच्या बिडाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं, म्हणून 'एकदम टाइट बसवलाय' असं कुणी कौतुकाने सांगितलं तर घाबरायचं. पोर्टच्या कडा बोअरिंगनंतर सुरीसारख्या होतात. त्या घासून बोथट करून द्यायला सांगा, न सांगता फार थोडे जण करतात. रिंग ब्लॉकमध्ये सरळ बसवून तिच्या तोंडातली फट फिलर गेजने बघा, साधारण पाव मिलिमीटर.

घरी काय हवं? सायलेन्सरचे गोल नट काढायला हुक पाना. तो नसला की लोक छिन्नी-हातोडी घेतात आणि ब्लॉकवरचे आटे घालवतात. पॅकिंगचा सेट, गजन पिन जागेवर धरणाऱ्या नव्या सर्क्लिपा (जुन्या कितीही चांगल्या दिसोत) आणि क्रँकचे ऑइल सील. सील लोक विसरतात. वर्षानुवर्षं उभ्या गाडीचे सील सुकतात, तिथून हवा ओढली जाते, पेट्रोल-हवेचं मिश्रण पातळ होतं आणि नवा पिस्टन पहिल्याच चढावर ब्लॉकला पकडतो. मग दोष बोअरिंगवाल्याला. ब्लॉक उचलताच कनेक्टिंग रॉड वर-खाली ओढून बघा. उभा खेळ लागला तर क्रँकही पाठवायची, म्हणजे खर्चाचा अंदाज बदलला. क्रँककेसच्या तोंडात धागे न सुटणारं जुनं धोतर कोंबून ठेवा.

कोल्हापूरहून आलेला ब्लॉक पेट्रोलने धुवू नका, घासणीची बारीक पूड त्याने निघत नाही. गरम पाणी, भांड्याचा साबण, ब्रश. पांढऱ्या फडक्यावर करडा डाग येईनासा होईपर्यंत. आणि वाळवल्याबरोबर ऑइल, चहा पिऊन आल्यावर नाही. समुद्राकाठी उघडं बीड तासाभरात रंग बदलतं. ऑइलचा डबा झाकण काढून शेजारी ठेवूनच धुवायला बसा.

पहिल्या पाचशे किलोमीटरसाठी पेट्रोलच्या लिटरला 50 मिली टू-टी ऑइल आणि रस्ताही आधीच ठरवलेला. रत्नागिरीजवळच्या आरे-वारेचा चढ डबलसीट चढवून फोटो काढायचा मोह होईल, तो पुढे ढकला. माझी येझदी पहिले पंधरा दिवस फक्त सकाळी मासळी आणायला जायची: दहा मिनिटं जाणं, भाव करेपर्यंत सावलीत थंड होणं, दहा मिनिटं परत.