वितळलेला क्षार शुद्ध करताना या चुका टाळा

अमेरिकेत आयडाहो इथे ईबीआर-२ अणुभट्टीचे वापरलेले इंधन लिथियम क्लोराइड आणि पोटॅशियम क्लोराइडच्या सुमारे ५०० अंश सेल्सिअसच्या वितळलेल्या रसात विद्युत-शुद्ध करतात, म्हणजे वीज सोडून त्यातला युरेनियम वेगळा काढतात. असा रस बिघडतो तो बहुतेक वेळा वितळण्याआधी राहिलेल्या पाण्यामुळे.

ओला क्षार तोलणे. १०० ग्रॅम मिश्रणाला ४४.५ ग्रॅम लिथियम क्लोराइड आणि ५५.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड लागते. ते साधारण ३५५ अंशांवर वितळते. लिथियम क्लोराइड हवेतली ओल झपाट्याने ओढते. त्याचे मोनोहायड्रेट (प्रत्येक रेणूमागे पाण्याचा एक रेणू धरलेले रूप) झाले असेल, तर ४४.५ ग्रॅममध्ये खरा क्षार जेमतेम ३१ ग्रॅम. मग ४०० अंशांवरही तळाशी खडे राहतात आणि दोष थर्मोकपलला, म्हणजे तापमान मोजणाऱ्या तारेला, दिला जातो.

घाईने तापवणे. ही सगळ्यांत महाग पडणारी चूक. पाण्यासकट क्षार तापला की हायड्रोजन क्लोराइड वायू निघून जातो आणि लिथियम हायड्रॉक्साइड रसात विरघळून राहते. पुढे नुसते तापवत बसून ते जात नाही. त्यातला ऑक्सिजन युरेनियम आणि दुर्मिळ मृदा धातूंना (सिरियम, निओडिमियम यांसारख्या) पकडतो; ऑक्साइड, ऑक्सिक्लोराइडचा गाळ बसतो. म्हणून निर्वात पंप चालू ठेवून टप्प्याने चढा: खोलीच्या तापमानाला काही तास, मग १०० च्या आसपास, १५०, शेवटी २५० ते ३०० अंश. दाब खाली येऊन स्थिरावल्याशिवाय पुढचा टप्पा घेऊ नका; इथे घड्याळ नव्हे, दाबमापक पाहायचा. त्यानंतरचे सगळे काम आर्गॉन भरलेल्या ग्लोव्हबॉक्समध्येच (हातमोजे बसवलेल्या बंद पेटीत).

थंड झालेल्या क्षाराचा छोटा नमुना उकळून गार केलेल्या पाण्यात विरघळवा. द्रावण आम्लारी निघाले, तर हायड्रॉक्साइड उरले आहे. मग कोरडा हायड्रोजन क्लोराइड रसाच्या पृष्ठभागाखाली सोडावा लागतो. वरून फिरवलेला वायू पुरेसा भिडत नाही. ही अभिक्रिया उलटही होते, त्यामुळे तयार होणारे पाणी प्रवाहाबरोबर बाहेर गेलेच पाहिजे. शेवटी आर्गॉनने उरलेला वायू हुसकावा. बाहेर पडणारा वायू कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात जिरवा, पण मध्ये एक रिकामी बाटली ठेवा, नाहीतर द्रावण उलटे रसाकडे ओढले जाते. प्रवाह थांबवण्याआधी नळी रसाबाहेर काढा. आत चढलेला क्षार गोठला की नळी तुंबते.

वापरलेल्या क्षारालाही हाच उपाय लावणे. तिथे प्रश्न साठलेल्या विखंडन-उत्पादितांचा, म्हणजे युरेनियम फुटून झालेल्या मूलद्रव्यांचा असतो. दक्षिण कोरियात तपासलेल्या ऑक्सिजन सोडण्याच्या पद्धतीने दुर्मिळ मृदा खाली बसतात, सीझियम मात्र रसातच राहते. सीझियम काढायला झिओलाइट (सूक्ष्म छिद्रांचे, आयन धरून ठेवणारे खनिज) वापरणार असाल, तर तेही आधी निर्वातात कडक वाळवा. त्याच्या छिद्रांतले पाणी पुन्हा तेच हायड्रॉक्साइड तयार करते.